दोन दारांचं खोकं

खोली मास्तरांची. बदली होऊन ते साक्रीला गेले
तेव्हापासून रिकामी.
फरशी मी व्हिनेगरच्या पाण्यानं दोनदा पुसली,
कोपरे तिसऱ्यांदा.
इथे अजून कुणाचाच वास नाही,
म्हणजे कुणाचंच राज्य नाही.

बाहेर शिरपूर तापलंय,
अरुणावतीत पाणी म्हणावं असं काही उरलेलं नाही.
कूलरपुढे घमेल्यात बर्फाची लादी.
माणसासाठी कधी आणली नाही एवढी,
कोकिळा म्हणाली, आणि ते खरंच आहे.

पाण्याच्या दोन बाटल्या.
लसूणघासाचे दोन ढीग, चार हात लांब.
आणि साबणाचं खोकं, दोन्हीकडून दार कापलेलं.
एकच दार असलं की आत शिरलेला कोंडला जातो,
आणि कोंडलेला चावतो.

कळणा राखाडी, उडीद जास्त पडल्यासारखा.
मांडा पांढरा. त्याच्या पाठीवर कॉलेजनं लावलेला
पिवळा डाग केव्हाच निघून गेला,
मला अजून दिसतो.
चैत्रात शेजारच्या झोप्यांची नात
तिची मादी मांडीवर घेऊन बसली,
त्याच फ्रॉकवर मग यांना घेतलं.
तिला काय माहीत.
त्या रात्री कळण्याचा ओठ फाटला.
बावीस दिवस मधे जाळी.
रोज सकाळी याचं गवत त्याच्याकडे, त्याचं याच्याकडे,
म्हणजे झोपताना तरी
दुसरा नाकात राहावा.

सहा वाजता सोडले.

आधी कुणी कुणाला पाहिलंच नाही.
मांड्यानं भिंत हुंगली, कळण्यानं भिंत हुंगली,
जसे काही भिंतीलाच भेटायला आलेत.
मग ती घुर्रघुर्र, पोटातून,
चक्कीचा पट्टा फिरावा तशी,
आणि ढुंगण डुलवत एकमेकांभोवती गोल.
नाकं वर, आणखी वर,
ज्याचं आधी खाली येईल तो हरला.
दात वाजले. मानेवरचे केस उभे.
जाडा टॉवेल माझ्या हातात, हात माझ्या गुडघ्यावर.
वाजू देत.
दात वाजतात तोवर ते बोलणं आहे,
रक्त दिसलं तरच मधे पडायचं.
मधे पडायची घाई ज्याला होते
त्याचंच बोट जातं.

प्राणिघरात एकतीस वर्षं
मी पिंजरे धुतले, वजनं लिहिली.
नर इकडे, माद्या तिकडे, रजिस्टर एक.
कुणाला कुणापासून काढलं, तर तारीख टाकायची.
परत आणून ठेवल्याचा रकाना
त्या रजिस्टरात छापलेलाच नव्हता.
लागला नाही कधी.
हे शेवटचे दोघे, विभाग बंद झाला तेव्हा
कुणाच्याच यादीत नव्हते,
मी डब्याच्या पिशवीतून घरी आणले.

"जेवाले चला, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."
दाराआडून कोकिळा.
मी बोट ओठावर ठेवलं, तिला ते कुठून दिसणार.

मांडा खोक्यात शिरला.
कळणा दुसऱ्या दाराशी थांबला, थांबला,
आणि आत.
पुठ्ठा हलला. एकदा. जोरात.
मी टॉवेल उघडला.
आत काहीतरी कुरतडलं जात होतं,
कान म्हणावा की काडी, मला ओळखू येईना,
एकतीस वर्षं आणि ओळखू येईना.

मांडा बाहेर आला, कळण्याच्या दारातून.
तोंडात घासाची दांडी, लोंबणारी.
मागून कळणा, दांडीचं दुसरं टोक पकडून,
रागात की भुकेत, कोण जाणे.
दांडी तुटली. दोघं पाठ करून बसले,
पाठीत वीतभर अंतर.
एवढं अंतर जाळीलाही नव्हतं,
पण इथे जाळी नव्हती.

कोकिळानं ताट आतच आणलं,
लुगडं सावरून माझ्याशेजारी फरशीवर बसली.
"हाई मिटनं का मंग?"
रात्र जाऊ दे, मी म्हणालो.
टॉवेल गुडघ्यावर तसाच,
आणि कळण्याची भाकरी डाव्या हातानं मोडत मी बसलो,
उजवा रिकामा ठेवून.